जागेश्वरच्या नावेतली सोळावी जागा

आधीच सांगून टाकतो. कोर्टात मी खोटं बोललो. फार मोठं नाही, दोन शब्दांचं: ‘दिसलं नाही.’ हवालदाराच्या नोकरीत माणूस असे दोन शब्द कुठे ना कुठे रोजच बोलतो आणि संध्याकाळी पोटभर जेवतो. मीही जेवलो. पण जागेश्वर नावाड्याबद्दल लिहायला बसलो की हे दोन शब्द वाटेत आडवे पडतात, म्हणून त्यांना अगोदरच बाजूला काढून ठेवलं. आता जागेश्वरही नाही आणि त्याची नावही नाही. लपवायचं तरी कोणापासून?

जागेश्वर मारबते हा खैरघाटचा ढिवर, मासेमारी आणि नाव हा जातीचाच धंदा. वैनगंगेच्या काठावर चाळीस-पन्नास घरांचं हे गाव, आणि पलीकडच्या काठाला बाजार, दवाखाना, आमची पोलीस चौकी. दोन्हींच्या मध्ये नदी आणि नदीवर जागेश्वर. त्याच्या बापानेही तेच केलं, आजानेही तेच. बुटका, रुंद खांद्यांचा, बोलायला कमी. नावेच्या कडेला पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं: ‘सोळा इसम’. सरकारी परवान्यावरचा तो आकडा रंगाऱ्याने जरा वाकडा काढला होता, पण जागेश्वरच्या लेखी त्याहून सरळ गोष्ट जगात नव्हती.

आमची पहिली ओळख ही त्या आकड्यावरूनच. पंचाहत्तरचा श्रावण असेल. मी तेव्हा नवा शिपाई होतो, अंगावरची खाकी करकरीत आणि डोक्यात त्याहून करकरीत हवा. घाटावर पोचलो तर नाव सुटायच्या बेतात होती. मी पाय टाकला, तर या गड्याने बांबू आडवा धरला.

“साहेब, सोळा झाले. तुम्ही सतरावे.”

“अरे, मी पोलीस आहे.”

“होय जी. पोलीस बी इसमच असते ना.”

नावेतल्या बायाबापड्या फिदीफिदी हसल्या. मी डोळे वटारले, दम भरला, चौकीत बोलावीन म्हणालो. जागेश्वरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नाव लोटली. पाऊण तास मी घाटावरच्या दगडावर बसून होतो, वरून भुरभुर पाऊस. परत आला तेव्हा त्याने हात देऊन मला चढवलं आणि बसायला स्वतःचं घोंगडं अंथरलं. पोलिसाचा राग ओढवून घेणारे लोक या जिल्ह्यात फार थोडे. मला त्याचा राग आला आणि, खरं सांगायचं तर, आदरही वाटला. मात्र राग तेवढा मनात जपून ठेवला.

पुढे दर आठवड्याला जाणं-येणं व्हायचं. नदी रुंद, वल्हं संथ, त्यामुळे गप्पा व्हायच्याच. एकदा त्याने नावेची रीत सांगितली. त्यांच्याकडे नवी नाव सुताराच्या अंगणातून घाटापर्यंत रिती नेत नाहीत. घरच्या बाईने तिच्यात बसायचं, मांडीवर नदीच्या पाण्याने भरलेली कळशी घ्यायची, दोन्ही हातांनी धरायची आणि घाटावर पोचल्यावर ते पाणी नदीत ओतायचं. तोवर थेंब सांडायचा नाही. रिती नाव रस्त्याने चालली तर तिला रितेपणाची चटक लागते, मग ती पाण्यात माणसं टाकते, असं त्याचा बाप म्हणायचा.

“ही नाव आणली तेव्हा तुळसा बसली होती,” तो म्हणाला. तुळसा म्हणजे त्याची बायको, दिघोरीची, धान लावणाऱ्या घरची. “लगन होऊन सव्वा महिना झाला होता. दोन बैलबंड्या एकामागं एक बांधल्या, वरतं नाव. आठ कोस यायले दीड दिवस लागला. बसून बसून तिचे पाय सोन्न झाले, मंग आठ दिवस मले शिव्या देत होती.”

आणि तो चक्क हसला. बैलांच्या चालीने ती रीत निघाली होती, बैलांच्याच चालीसाठी ती ठीक होती, हे त्या वेळी ना त्याला सुचलं ना मला.

ती नाव अकरा-बारा वर्षांनी कुजली. कारध्याच्या सुताराकडून जागेश्वरने नवी करून घेतली आणि त्र्याऐंशीच्या ज्येष्ठात, पाऊस पडायच्या आत, ती घाटावर आणायची ठरली. उन्हाळ्यात नदीत जागोजाग वाळू उघडी पडलेली असते, पाण्यातून आणायची सोय नाही. तोवर बंड्या मागे पडल्या होत्या. बाजारातल्या एका धानाच्या व्यापाऱ्याचा ट्रॅक्टर होता, त्याला ट्रॉली होती, आणि चालवायला टेकचंद नावाचा तरुण, पोरगेला पण हात चांगला. दीड दिवसाचं काम दीड तासात होणार म्हणून जागेश्वर खुशीत होता.

मी तेव्हा हवालदार झालो होतो आणि त्याच रस्त्यावरच्या एका नाक्यावर माझी ड्यूटी होती. आता तो नाका नाही. सकाळचे दहा वाजले असतील. लांबून पाहतो तर रस्त्यावरून नाव येते आहे. ट्रॉलीपेक्षा ती चार हात लांब, मागचा भाग बाहेर लोंबलेला. जागेश्वर टेकचंदच्या शेजारी चाकावरच्या पत्र्यावर बसलेला. आणि मागे, अगदी लोंबत्या टोकाला, तोंड मागे करून तुळसा. हिरवं लुगडं, मांडीवर पितळेची कळशी. जिथून कळशी भरली त्या घाटाकडे तोंड करून बसायचं, हीही रीतच.

मी हात केला. ट्रॅक्टर थांबला.

“काय जागेश्वर, आता रस्त्यानेच नाव चालवतोस? वर कोण बसलंय?”

“घरची हाय जी. नाव रिती नेत नाही आमच्यात.”

“आणि ट्रॉलीत माणूस बसवत नाही आमच्यात.”

“साहेब, नाव पास हाय. सोळाची पाटी हाय. एकच मानूस तं बसलं.”

आता माझ्या आतला पंचाहत्तर सालचा भिजलेला शिपाई उठून बसला. मी सावकाश, चवीने बोललो. “ती पाटी पाण्यातली. रस्त्यावर आली की ही नाव नाही, माल आहे. आणि ट्रॉली मालासाठी असते, मालावर माणूस बसवायचा नाही. नियम आहे. उतरव तिला.”

“दोन कोस राहिले जी फक्त.”

“त्या दिवशी मलाही एक नदीच राहिली होती.”

त्याला बरोबर आठवलं. त्याने मान खाली घातली आणि उतरला. नियम म्हटला की जागेश्वर भांडत नसे. “उतर तुळसा,” तो म्हणाला. “साहेबाचं बरोबर हाय.”

तुळसाला उलट बरं वाटलं. “उतरते जी. मले का हौस हाय का? सकाळपासून हाडं खिळखिळी होऊन राहिली. हे धरा जरा.” आणि तिने कळशी सरळ माझ्या हातात दिली. “सांडू नका बरं. घाटावरच सांडाचं हाय ते.”

काठोकाठ भरलेली कळशी. सरकारी नोकरीत मला कोणी इतक्या विश्वासाने काही धरायला दिलं नव्हतं. चाकावर पाय ठेवून ती खाली आली, कळशी परत घेतली, आत डोकावून पाहिलं. “नाही सांडलं. बरे हायेत तुमचे हात,” म्हणाली आणि ट्रॉलीमागून चालू लागली. जागेश्वर तिच्याबरोबर. ट्रॅक्टर पुढे हळूहळू. मी समोरच्या टपरीवर चहा सांगितला. आठ वर्षांचा हिशेब चुकता झाला होता, चहा गोड लागत होता.

फर्लांगभर पुढे मोहाचं एक झाड होतं. तिथे ट्रॅक्टर थांबला. जागेश्वर मागे वळला आणि माझ्याकडे पाहू लागला. नुसती नजर टाकली नाही, उभा राहून पाहत राहिला. तो काय करणार हे मला कळलं. शिट्टी माझ्या बोटांत होती, तोंडापर्यंत नेलीही. मग मला माझ्याच मोठेपणाचं कौतुक वाटलं. म्हटलं, जाऊ दे. गरीब माणूस, त्याची रीत, दोन कोस रस्ता. आपली हौस फिटली ना? मी शिट्टी खाली सोडली आणि हात वर करून हलवला: जा, जा.

तुळसा चढली. जागेश्वरने कळशी वर दिली. ट्रॅक्टर निघाला आणि मी दुसरा चहा सांगितला.

अर्ध्या तासाने एक सायकलवाला धापा टाकत आला. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पुलावर रस्ता एकदम उंच होऊन खाली उतरतो. टेकचंदने वेग घेतला होता, त्या वयात सगळेच घेतात. ट्रॉलीचं तोंड खाली गेलं आणि नावेचं मागचं टोक वर उडालं. तुळसाचे दोन्ही हात कळशीला होते. नावेची कड तिच्या खांद्यापासून वीतभर लांब होती, तिला धरता आली असती. तिने कळशी धरली.

पडताना ती ओरडली असेल तर ट्रॅक्टरच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नाही. जागेश्वर पुढे तोंड करून टेकचंदला घाटावरचा उतार कसा आहे ते समजावत होता. दोन-तीन फर्लांग गेल्यावर त्याने सहज मागे पाहिलं. नाव रिती होती. जे टाळण्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच झालं. इतका वेळ ती नाव रस्त्याने रितीच चालली होती.

मी पोचलो तेव्हा तो रस्त्यात बसला होता, तिचं डोकं मांडीवर घेऊन. ती संपली होती. तो रडत नव्हता. मला म्हणाला, “साहेब, हिले दवाखान्यात न्याचं हाय. ट्रॉलीत नेलं तं चालते का?”



पंचनामा मीच लिहिला. ‘एक लाकडी नाव, नवीन. एक पितळी कळशी, चेपलेली, रिकामी.’ आणि त्याखाली स्वच्छ अक्षरात: ‘सदर महिलेस नाक्यावर ट्रॉलीतून उतरवण्यात आले होते व समज देण्यात आली होती.’ हे वाक्य शंभर टक्के खरं होतं. त्यावर वरच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. नाक्यावर कर्तव्य चोख बजावलं म्हणे.

खटला उभा राहिला तो टेकचंदवर. ट्रॉलीत माणूस बसवून भरधाव चालवली. दीड वर्षाने साक्षी झाल्या. टेकचंदचा वकील हुशार होता. नावेला सोळा माणसांचा परवाना आहे, मग एक बाई बसली तर गुन्हा कसा, असं त्याने विचारलं तेव्हा कोर्टात खसखस पिकली. जागेश्वर एका कोपऱ्यात हात जोडून उभा होता. त्या सोळाच्या आकड्याला लोक पहिल्यांदाच हसत होते.

मग टेकचंद बोलला. “हवालदारसाहेबानं हात हालवून जाऊ देल्लं जी. मी आरशात पाह्यलं.”

न्यायाधीशांनी माझ्याकडे बघितलं. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होतो. घरी दोन पोरी, बढतीचा कागद वर गेलेला. हे मी सबब म्हणून सांगत नाही, हिशेबात तेवढंच होतं म्हणून सांगतो.

“मी उतरवलं होतं,” मी म्हणालो. “नंतरचं दिसलं नाही.”

जागेश्वरला बोलावलं. मोहाच्या झाडाखालून त्याने मला सरळ पाहिलं होतं. न्यायाधीशांनी विचारलं, हवालदाराने तुम्हाला जा म्हणून खूण केली होती का?

“माझी बायको मी बसवली जी,” तो म्हणाला. “टेकचंदनं नाही बसवली. साहेबानं नाही बसवली. सजा देयाची तं मले द्या.”

त्याला सांगण्यात आलं की कायद्याने जबाबदारी गाडी चालवणाऱ्याची असते. नवऱ्यासाठी वेगळं कलम नाही. जागेश्वरला ते समजेना. आयुष्यभर नियमाने वागलेला माणूस, एकदाच नियम मोडला, त्यात बायको गेली, आणि नियमाच्या पुस्तकात त्याच्यासाठी एक ओळही निघू नये? तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला, शेवटी शिपायाने त्याला हात धरून खाली आणलं. टेकचंदला सजा झाली, लायसन गेलं. सुटून आल्यावर तो जवाहरनगरला, फॅक्टरीच्या बसेस थांबतात तिथे, हातगाडीवर भाजी विकू लागला. मी त्या बाजूला गेलो की तो गाडी वळवून घ्यायचा. माझ्या त्या साक्षीनंतर एवढं तरी त्याने करायलाच हवं होतं.

जागेश्वरची एक मुलगी होती. तिला दिघोरीच्या आजीने, गोदावरीबाईंनी, नेलं आणि परत पाठवलं नाही. “ज्यानं माय नावेत बसवून मारली, त्याच्या घरी पोरगी पाठवू का?” असं ती बाजारात चारचौघांत म्हणाली. जागेश्वरच्या कानावर गेलं. म्हातारीचं बरोबर हाय, असं तो म्हणाला म्हणे.

आणि ती नाव? नाव तशीच वापरात आली. लोकांना पलीकडे तर जायचंच होतं. पण त्या दिवसापासून जागेश्वर पंधराच माणसं घेऊ लागला. मागच्या टोकाची जागा मोकळी. सोळावा कोणी पाय टाकू लागला की बांबू आडवा. लोक आधी समजुतीने बोलले, मग चिडले. पाटीवर सोळा लिहिलंय ना? तो म्हणायचा, “सोळा झाले जी. मोजा.” तापाने फणफणलेल्या लेकराची आई एकदा काठावर रडली, तेव्हा त्याने आतल्या एका धडधाकट माणसाला उतरवलं, पण ती जागा दिली नाही. गावाने त्याला येडा ठरवून टाकलं. मी त्या काळात लांबच्या पुलाने जात असे. दीड तासाचा वळसा पडायचा, पण मी जात असे.

अठ्ठ्याऐंशीच्या संक्रांतीनंतर खैरघाटला पूल झाला. उद्घाटनाच्या बंदोबस्ताला मला पाठवलं, आदल्या दिवशीच पलीकडे पोचायचं होतं, म्हणून दुपारी घाट गाठला. लांबच्या पुलाने जायला वेळ नव्हता. नाव लागलेली होती. मी आत मोजलं. पंधरा. मी थांबलो, पुढच्या फेरीला येईन म्हणालो.

“पुढची फेरी नाही जी,” जागेश्वर म्हणाला. “ही शेवटची. उद्यापासून पूल.” केस सगळे पांढरे झाले होते. त्याने बांबू आडवा धरला नाही. नावेतून उतरून तो माझ्याजवळ आला, हळू आवाजात बोलला.

“साहेब, एक इचारू का? मोहाच्या झाडापाशी मी मागं पाह्यलं होतं. कायले पाह्यलं, ठाऊक हाय?”

“परवानगी मागायला,” मी म्हणालो. पाच वर्षांत पहिल्यांदा मी कबूल केलं की मला दिसलं होतं.

“नाही जी.” त्याने मान हलवली. “तुम्ही शिट्टी मारान मनून. मलेच भेव वाटत होतं, ट्रॅक्टर लय पळत होता. पण बापाची रीत, माझ्यानं मोडवत नव्हती. तुम्ही मोडायले लावली असती तं मोडली असती. नियमाले मी नाही म्हटलं का कधी? मी शिट्टीची वाट पाहून राहिलो होतो, अन् तुम्ही हात हालवला.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्याच्या पायावर तरी पडलो असतो.

“बसा,” तो म्हणाला. “तुमच्यासाठीच ठेवली म्हणा.”

मी मागच्या टोकाच्या त्या फळीकडे पाहिलं. पाच वर्षं कोणी न बसल्याने तिचं डांबर तसंच काळंभोर होतं. माझ्याने पाय उचलवेना. जागेश्वरने थोडा वेळ वाट पाहिली, मग आत गेला आणि नाव लोटली. पंधरा माणसं आणि ती जागा पलीकडे गेली. मी अंधार पडायच्या आत बांधकामवाल्यांची विनवणी करून नव्या पुलावरून चालत गेलो.

दुसऱ्या दिवशी फीत कापली गेली, भाषणं झाली. मोठ्या लोकांच्या गाड्या गेल्या आणि त्यांच्यामागे लगेच एक ट्रॅक्टर पुलावर चढला. मागे ट्रॉली, ट्रॉलीत लग्नाचं वऱ्हाड खचाखच भरलेलं, काही बाया कडेवर पाय सोडून बसलेल्या. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन जीव खाऊन शिट्टी वाजवली, पुन्हा वाजवली. ट्रॅक्टर मला वळसा घालून निघून गेला. बाया गात होत्या, त्यांना ऐकू गेलं नसेल.